भोसरीहून चाकण: मशीन शिफ्टिंगवाल्यांचा अनुभव, पावसाळा काढल्यानंतर

भोसरीतला भाड्याचा गाळा सोडून चाकणच्या स्वतःच्या शेडमध्ये आलो. चार सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि कॉम्प्रेसर एका ठेकेदाराकडून हलवून घेतले. नाव लिहीत नाही, कारण वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आधी चांगलं सांगतो. काम उत्तम झालं. नाशिक रस्त्याची कोंडी टाळायला लोबेड (बुटके ट्रेलर) रात्री काढले. मशीन बंद करण्याआधी त्यांच्या पोराने सगळ्या पॅरामीटरचा (मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप घेतला आणि एन्कोडरच्या (अक्षाची जागा मोजणाऱ्या सेन्सरच्या) बॅटऱ्या मशीन चालू असतानाच बदलल्या. बंद मशीनवर बॅटरी काढली की होम पोझिशन, म्हणजे मशीनचा मोजणीचा शून्य बिंदू, जाते, मग पुढे दोन दिवस डोकेदुखी. आम्ही काही न सांगता हे झालं. पहिल्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून यांचंच नाव सांगितलं असतं.

मग टेपर यायला लागला, म्हणजे जॉबचा व्यास एका टोकाला कमी, दुसऱ्याला जास्त. एका टर्निंग सेंटरवर 50 मिमी व्यासाचा जॉब चकात धरून, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता 150 मिमी कट मारला, तर दोन टोकांत 18 मायक्रॉनचा फरक. या व्यासाला एच6 या फिटचा अख्खा टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, 16 मायक्रॉन! टूल बदललं, इन्सर्ट बदलला, चकाचे जॉज (पकडी) परत बोअर केले. शेवटी सेटरने (मशीन लावून देणाऱ्या कारागिराने) बेडवर, म्हणजे मशीनच्या खालच्या ओतीव भागावर, 0.02 ची पाणसळ (एक रेघ म्हणजे मीटरमागे 0.02 मिमी) ठेवली आणि बुडबुडा तीन रेघा पलीकडे गेला. बेडला पीळ बसला होता.

ठेकेदाराला फोन केला. उत्तर आलं, "साहेब, लेव्हलिंग पॅकेजमध्ये आहे, पण एकदाच. दुसऱ्या व्हिजिटचे वेगळे." इथे माझं डोकं फिरलं. कोटेशनमध्ये ‘लेव्हलिंगसह’ एवढंच लिहिलंय, ‘एकदाच’ कुठेही नाही. नव्या फ्लोअरवर मशीन बसली की लेव्हल पुन्हा तपासावी लागतेच, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल असं मी मानत नाही.

पैसे भरून त्यांचा इंजिनिअर आणला. त्याने दाखवलं की मशीनचा एक पाय शेडच्या खांबाच्या पायाशेजारच्या भरावावर आलाय आणि तिथेच फ्लोअर खचलाय. हे मला पटलं. म्हणजे बसवताना लेव्हल चुकली नव्हती, दोष शेड बांधणाऱ्याचा. पण म्हणून दुसऱ्या भेटीचं बिल योग्य ठरत नाही. त्या पैशांत थोडी भर घालून स्वतःची पाणसळ घेतली असती, आणि नंतर घेतलीच.

कागदपत्रांचं थोडक्यात: नवी जागा जीएसटीत आधी जोडून घ्या, मगच डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल काढा. ग्राहक वाहन उद्योगातला असेल तर जागा बदलली की पीपॅप (पार्टच्या मंजुरीसाठीचे नमुने आणि कागद) नव्याने द्यावा लागतो. मंजुरी येईपर्यंत पुरेल एवढा तयार माल आधीच करून ठेवा. आमचा तेवढ्यावरच निभाव लागला.

पावसाळ्यानंतर सेटरने सगळ्या मशीन पुन्हा तपासल्या. तो पाय परत थोडा उतरला होता, बोल्ट अर्धा आटा फिरवून जागेवर आणला. बाकी पाचही एका रेघेच्या आत.

भोसरीत दोन जुन्या मशीन अजून आहेत. त्या याच लोकांकडून हलवणार, कारण त्यांच्या हाताला तोड नाही. फक्त या वेळी पीओमध्ये (कामाच्या ऑर्डरमध्ये) लिहिणार: लेव्हलिंगच्या दोन भेटी, दुसरी दोन महिन्यांनी, त्याच रकमेत, आणि शेवटचे दहा टक्के त्या भेटीनंतर.