नंबरचा मास्क: लक्षद्वीपच्या क्रूझसाठी घेतला, पावसाळ्यानंतरही वापरात

डाव्या डोळ्याचा नंबर मायनस साडेपाच, उजव्याचा मायनस पाच, शिवाय थोडा सिलिंड्रिकल, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर. चष्मा काढला की आरशातली मीसुद्धा मला धूसर दिसते. अशा माणसाला लक्षद्वीपला प्रवाळ बघायला जायचं असेल तर आधी डोळ्यांची सोय करावी लागते, आणि क्रूझच्या तयारीच्या गप्पांत हा विषय कुणी काढतच नाही. खोली कुठल्या मजल्यावरची, बाल्कनी घ्यावी का, जैन जेवण मिळतं का, रात्रीच्या पार्टीला काय घालायचं, सगळी चर्चा यावरच. म्हणून गेल्या दिवाळीनंतर घेतलेल्या नंबरच्या स्नॉर्केलिंग मास्कबद्दल (पालथं तरंगत, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघायचं ते स्नॉर्केलिंग) जरा सविस्तर लिहितेय. जानेवारीत लक्षद्वीप, मार्चमध्ये मालवण, मग उन्हाळाभर पोहण्याचा तलाव, सगळा पावसाळा कपाटात आणि आता पुन्हा तलाव, एवढं त्याने सोसलंय.

आधी हिशोब, कारण मास्क घ्यायचं ठरलं ते त्यातूनच. मुंबईहून लक्षद्वीपचं अगत्ती बेट जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ९०० किलोमीटर. संध्याकाळी बॅलार्ड पिअरहून निघालेलं जहाज एक रात्र, एक अख्खा दिवस आणि आणखी एक रात्र चालतं, मग सकाळी बेट दिसतं. मोठं जहाज लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, शिरू शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि माणसांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र उसळलेला असेल तर ही उतरवाउतरवी रद्दही होते. उतरायची रांग, परतायची रांग, शहाळं, जेवण हे सगळं वजा केलं की पाण्यात डोकं घालायला तासाभराच्या आसपास वेळ उरतो. एवढा खर्च करून जायचं आणि त्या तासात निळ्या-हिरव्या धुक्याखेरीज काही दिसायचं नाही, हे मला पटेना.

म्हणून आम्ही बाल्कनीची खोली घेतली नाही. बाल्कनीतून दिसतो तो अरबी समुद्र, आणि तो डेकवरून फुकट दिसतो. आतली, खिडकी नसलेली खोली घेतली, खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्याजवळ, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. "खिडकी नाही म्हणजे कोंडवाडाच की," असं सासूबाई निघेपर्यंत म्हणत होत्या. प्रत्यक्षात त्या मिट्ट काळोखात सगळ्यात गाढ झोप त्यांनाच लागली. जाहिरातीतला भाडेदर आणि शेवटी भरलेली रक्कम यांत बंदराचं शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क मिळून चांगलंच अंतर पडलं. बेटावरची स्नॉर्केलिंगची सहल त्याहून वेगळी. बुकिंग करणाऱ्याने हे सगळं हळूहळू, कांदा सोलावा तसं उलगडलं. तुम्ही पहिल्याच फोनवर "सगळं धरून किती" एवढंच विचारा.

परवान्याचं थोडक्यात सांगते. लक्षद्वीपच्या बेटांवर जायला बाहेरच्यांना प्रवेश परवाना लागतो, १९६७ पासून तसा नियमच आहे. क्रूझच्या पॅकेजमध्ये ते काम तिकीट देणारे करतात, आपण ओळखपत्रं आणि फोटो वेळेत द्यायचे. जायचा काळ ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतचा. पावसाळ्यात त्या बाजूला कुणी फिरकत नाही.

आता मास्क. दोन वेगळ्या काचांचा, डोळे आणि नाक झाकणारा साधा मास्क आहे. काच टेम्पर्ड, कडेला मऊ सिलिकॉन. यात मूळ काचा काढून नंबरच्या तयार काचा बसवता येतात, हे त्याचं वैशिष्ट्य. डाव्या-उजव्या डोळ्याला वेगवेगळा नंबर चालतो. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात आणि त्यांत सिलिंड्रिकल नसतो. डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून मास्क, दोन काचा आणि नळी मिळून सहा हजारांच्या आत बसलं.

दुकानदाराने दोन्ही डोळ्यांना मायनस पाचच सुचवला, आणि त्याचं कारण मला आवडलं. पाण्यात मास्कमधून बघताना वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर, म्हणजे जवळ भासतात आणि तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात. लांबचं न दिसणाऱ्याला याचा फायदाच होतो, त्यामुळे अर्धा नंबर कमी असला तरी भागतं. माझं भागलं. सिलिंड्रिकल किरकोळ असल्याने त्याचीही उणीव जाणवली नाही. ज्यांचा तो दीड-दोनच्या पुढे आहे त्यांनी मात्र खास बनवून देणाऱ्याला गाठावं.

आणखी एक गंमत. या काचांची बाहेरची बाजू सपाट असते आणि नंबर आतल्या बाजूला, त्यामुळे मास्क हवेतही चष्म्याचं काम करतो. होडीत चष्मा पेटीत गेला की शिडी, पट्टा, पोरगं, काहीच धड दिसत नाही. मी सरळ मास्क चढवून बसले. आमचे आठवीतले चिरंजीव तेवढा वेळ माझे कुणीच लागत नव्हते.

कॉन्टॅक्ट लेन्स का नाही, हे अनेकींनी विचारलं. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ नको म्हटलं. पाण्यातला अकँथमिबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो, आणि परतीच्या वाटेवर जमीन दीड दिवस लांब असते. सगळा चेहरा झाकणारा मास्क मला दुसऱ्या एका दुकानात बराच आग्रह करून दाखवला. त्यात नंबरच्या काचा सहज बसत नाहीत, नाक चिमटीत धरून कानाचे दडे सोडता येत नाहीत, आणि घाईत काढायची वेळ आली तर पट्टे सोडवताना गडबड होते. बनावट हलकी असेल तर श्वासावाटे बाहेर टाकलेली हवा आतच फिरत राहण्याचा धोका वेगळाच. दिसायला भारी आहे, पण मला नको.

नवीन मास्क थेट समुद्रावर नेऊ नका. काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत काच वाफेने भरत राहते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चोळून धुवायची, तीन-चारदा. जेलवाली नको. नंतर प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि हलकंसं विसळायचं. थुंकीही चालते, सगळे तेच करतात, पण सासूबाईंसमोर माझ्याने झालं नाही.

माप बघायची रीत अशी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमचा. नवऱ्याचा राहिला नाही, कारण मिशी. मिशीच्या केसांमधून पाणी झिरपतंच. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवल्यावर गळती कमी झाली, थांबली नाही. मिशी काढण्याचा प्रस्ताव घरात मांडून पाहिला, तो फेटाळला गेला. बायकांनी केसांची बट सिलिकॉनखाली राहू देऊ नये, पाणी येतं ते तिथूनच. आणि मागचा रबरी पट्टा ओल्या केसांत असा गुंततो की डोळ्यांत पाणी येतं. त्यावर चढवायचं कापडी कव्हर मिळतं, ते आधीच घ्या.

लगूनमध्ये मास्कने पैसे वसूल केले. अगत्तीच्या पश्चिमेला मोठं उथळ लगून आहे, जानेवारीत पाणी कोमट आणि स्वच्छ. लाइफ जॅकेट सक्तीचं, सोबत रिंग धरलेला स्थानिक मुलगा. त्याने एकदा माझ्या काचा निरखून "दीदी, चष्मा अंदर है क्या?" असं विचारलं आणि मग नेहमीच्या जागेच्या पुढे, जिथे बारीक मासे होते तिथे नेलं. फुलपाखरू मासा (लक्षद्वीपचा मानाचा प्राणी हाच), प्रवाळ कुरतडणारा पोपटमासा, शिंपल्याचे जांभळे ओठ मिटून घेणारा मोठा शिंपला. पोपटमासा कुरतडतो त्याचा आवाज ऐकू येतो, आणि त्याने खाल्लेला चुना शेवटी पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. समुद्री गवतावर एक कासव चरत होतं. भाड्याचा मास्क लावलेल्या माझ्या नणंदेला, नंबर तिचाही चारच्या वर, ते कासव दगड वाटलं.

स्पष्ट दिसण्याची दुसरी बाजूही आहे. बरंचसं प्रवाळ मेलेलं आहे. राखाडी, शेवाळ चढलेली झुडपं, मधेच कुठेतरी जिवंत पिवळी-तपकिरी फांदी. समुद्र नेहमीपेक्षा फार तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं. रंग आणि अन्न दोन्ही त्या शैवालाकडून येत असल्याने ते आधी पांढरं पडतं आणि उष्णता टिकली तर मरतं. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये झालं, २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा मोठ्या प्रमाणावर. जाहिरातींतले रंग डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. जे उरलंय ते बघायला जा आणि त्यावर पाय ठेवू नका. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे पोरांनाही आधी सांगून ठेवा. सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नको. हवाईने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती प्रवाळासाठीच. मी पाठीला काही लावलंच नाही, लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घातला. पालथं तरंगताना भाजते ती पाठ आणि पोटऱ्या.

लाटांचा त्रास होणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फार उपयोग नसतो. अ‍ॅव्होमिनने झोप येते, म्हणून ती रात्री बरी. आमच्या जहाजावर घरचं खायला नेऊ देत नव्हते, पण सीलबंद आलेपाकाचं पाकीट पिशवीतून सुटलं आणि अख्ख्या मजल्यावर वाटलं गेलं.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हाच मास्क वापरला. तिथे पाणी मुळात गढूळ, हाताच्या अंतरापलीकडचं धूसर. यात मास्कचा दोष नाही. पण किल्ल्याच्या खडकांवरची समुद्रफुलं आणि छोटे पट्टेरी मासे जवळून छान दिसले. स्वच्छ पाण्यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा, आम्ही मार्चमध्ये उशिराच गेलो. उन्हाळ्यात तलावावर लाइफगार्डने नळी लावू दिली नाही, फक्त मास्कला परवानगी मिळाली. त्यावर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ वाचता येणं हे सुख चष्मेवाल्यांनाच कळेल.

टिकाऊपणाचं सांगायचं तर काचांवर एकही ओरखडा नाही, कारण तो कडक पेटीतच राहतो. मूळ प्लास्टिकच्या जाळीच्या पिशवीत ठेवला असता तर काचा कधीच गेल्या असत्या. सिलिकॉन थोडं पिवळसर झालंय, क्लोरीन आणि सनस्क्रीन दोन्हींचा प्रताप. उजवीकडचं बकल अडखळतं, पट्टा ओढताना नखं लागतात. डाव्या काचेला वाफ उजव्यापेक्षा लवकर येते, पुन्हा टूथपेस्ट लावली तरी फरक पडला नाही.

खरी परीक्षा घेतली ती मुंबईच्या जुलैने. पेटी बंद करून कपाटात ठेवली होती, ऑगस्टमध्ये उघडली तर नाकाच्या खोबणीत बुरशीचे काळे ठिपके. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून, जुन्या मऊ ब्रशने घासून बहुतेक गेले, दोन-तीन कायमचे राहिले. आता गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवते, आणि पेटीचं झाकण किंचित उघडं. उन्हात वाळत घालू नका, सिलिकॉन कडक होतं.

घ्यावा का? नंबर दोनच्या आत असेल तर गरज नाही, पाणीच तुमचं निम्मं काम करतं. तीनच्या पुढे असेल आणि लक्षद्वीप, अंदमान, मालदीव असं कुठेही जायचं ठरत असेल, तर तिकिटाबरोबरच मागवा. काचा नेमक्या तुमच्या नंबरच्या हव्या असतील तर दुकानात हजर नसतात, आमच्या यायला तीन आठवडे लागले. चाळिशी लागलेल्यांनी वेगळं काही घेऊ नये, मासे वाचायचे नसतात. मुलाला आता मायनस अडीच लागलाय, म्हणून त्याच दुकानदाराला लहान मापाच्या मास्कचं विचारलंय. तो म्हणतो काचा आहेत, चौकट मागवावी लागेल, आणि पुढच्या वर्षी नंबर वाढला की फक्त काचांचेच पैसे.