होमस्टेचा विमा: अ‍ॅपचं कवच की स्वतःची पॉलिसी?

अलिबागला किंवा गोव्यात घर पाहुण्यांना देणारे बहुतेक जण म्हणतात, "एअरबीएनबीचं एअरकव्हर आहे की!" म्हणजे या बुकिंग अ‍ॅपचं घरमालकांसाठीचं संरक्षण. आहेच, आणि फुकट आहे. नुकसानीसाठी ३० लाख डॉलरपर्यंत, पाहुण्याला इजा झाली तर त्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठी (दायित्व) १० लाख डॉलरपर्यंत. पण नुकसानभरपाईचा भाग मुळात विमा नाहीच, कंपनीची हमी आहे. पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत फोटो, बिलांसकट मागणी करावी लागते. आणि फोनवरून थेट आलेल्या ओळखीच्या पाहुण्याला यातलं काहीच लागू नाही. कोकणात बरीच गिऱ्हाइकं तशीच येतात, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

दुसरीकडे, २०२१पासूनची 'भारत गृह रक्षा' ही घराची विमा पॉलिसी आग, पूर, भूकंप सांभाळते. मात्र ती राहत्या घरासाठी. शेवाळलेल्या पायरीवरून पाहुणा घसरला तर तिचा उपयोग शून्य. त्यासाठी विमा कंपनीपासून व्यवसाय लपवून न ठेवता पब्लिक लायबिलिटीची, म्हणजे इतरांना झालेल्या इजेची भरपाई देणारी, वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. हप्ता भरावा लागतो, पण बुकिंग कुठूनही आलं तरी संरक्षण मिळतं.

माझं मत स्वतःच्या पॉलिसीच्या बाजूने. विहीर किंवा पोहण्याचा तलाव असेल तर विचारसुद्धा करू नका, घेऊन टाका. आणि पायऱ्या आधी घासून घ्या.