मुंबई–गोवा, सकाळचं विमान: खिडकी ए की एफ?

जानेवारी २०२३मध्ये गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाला आणि सावंतवाडी-बांद्याकडच्या आमच्यासारख्यांचं विमानाने गावी जाणं वाढलं. पंखावरची रांग टाळायची हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. घोडं अडतं ते पुढे: डावीकडची ए की उजवीकडची एफ? मी दोन्हीकडे पुष्कळदा बसलोय, पण जवळजवळ नेहमी सकाळीच. तेव्हा हे सगळं सकाळपुरतंच धरा.

खरी मजा उड्डाणाची, आणि त्या अर्ध्या मिनिटात दोन्ही बाजू सारख्याच. रखडत रखडत विमान एकदाचं धावपट्टीवर वळतं, पाठ सीटला चिकटते, चाकांची खडखड वाढत जाते आणि एका क्षणी एकदम थांबते. डोळे मिटलेले असले तरी कळतं, सुटलो! पोटात गोळा येतो तो त्यानंतर.

फरक पडतो तो इथून पुढे. मुंबईत वारा बहुतेकदा समुद्राकडून येतो, म्हणून विमानही बहुतेकदा समुद्राकडेच तोंड करून उडतं. एवाल्याला सांताक्रूझ, खार, वांद्रे आणि लगेच सी लिंक. मग दक्षिणेकडे वळताना डावा पंख खाली झुकतो आणि अख्खी मुंबई, पार कुलाब्यापर्यंत, ताटात वाढल्यासारखी समोर येते. हवा स्वच्छ असली तर अलिबागपासून खाड्या मोजत जाता येतं. नुसत्या देखाव्याला गुण द्यायचे तर ए पुढे, यात वाद नाही.

एफला यातलं काही नाही. पार्ल्याच्या इमारतींपलीकडे जुहूची छोटी धावपट्टी दिसते, नजर चुकली तर गेली. मी मात्र तिच्यासाठी काचेला नाक लावून बसतो. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, आपल्या चिमुकल्या पुस मॉथ विमानातून उतरले ते इथेच. आणि १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं भलंमोठं डीसी-८ विमान सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून उतरलं तेही इथेच. पट्टी कसली पुरतेय, पुढे घसरत गेलं. दोन्ही विमानतळ किती शेजारी आहेत ते वरून पाहिलं की ही चूक पटते. पुढे चौपाटी, वळणावर नुसतं आकाश, आणि मग समुद्र. एखादी होडी दिसली तर दिसली.

तरी मी एफ घेतो, त्याला कारण खिडकीची झडप. उड्डाणाच्या वेळी ती उघडी ठेवावीच लागते. पण दक्षिणेकडे तोंड झालं की सकाळचं ऊन थेट ए खिडकीतून आत. पट्ट्याचा दिवा विझायचा अवकाश, मधल्या सीटवरून विनंती येते, ‘जरा खाली घेता का? मोबाइलवर काही दिसत नाहीये.’ त्यांचंही खोटं नसतं, ऊन खरंच डोळ्यांत जातं. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? अर्धी उघडी ठेवून पाहिली, तर कडेच्या सीटवरच्या काकूंनीही मान पुढे काढली. एकदा तर अलिबाग यायच्या आतच खिडकी बंद झाली आणि उतरायची वेळ होईपर्यंत मी त्या पांढऱ्या प्लॅस्टिककडे बघत बसलो. सीटचे जादा पैसे भरून.

एफवर असताना हे मला कधी कुणी सांगितलेलं नाही.

दुपारनंतरच्या विमानात ऊन बाजू बदलतं, तेव्हा माझं ऐकू नका. पावसाळ्यात दोन्हीकडे ढगच. आणि वारा फिरून विमान घाटकोपरच्या बाजूला उडालं, तर वरचं सी लिंक-जुहूचं गणित सोडूनच द्या.

पहिल्यांदाच बसणाऱ्याला मात्र ए द्यावी असं मला वाटतं. गेल्या दिवाळीत भाच्याला तीच दिली, मी पलीकडे एफवर. मोपाला सामानाच्या पट्ट्यापाशी भेटला तेव्हा म्हणाला, ‘मामा, सी लिंक दिसला! मग त्या काकांनी खिडकी बंद करायला लावली.’