अस्वल बघायला राणीबाग की कात्रज?

नाशिकला स्वतःचं प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की घरोघरी तोच प्रश्न निघतो: पोरांना प्राणी दाखवायला पुण्याला न्यायचं की मुंबईला? तिकिटाचे दर, वेळा, पार्किंग हे सगळं मोबाइलवर सापडतं, त्यात मी शिरत नाही. दोन्हीकडे माझं जाणं झालंय, कधी एकट्याने, कधी घरच्या बारक्या मंडळींना घेऊन, आणि माझ्यापुरता निकालही लागलाय. तो मी एकाच प्राण्याच्या घरावरून लावला: अस्वलाच्या.

वाघावरून का नाही? तर वाघ दिवसाचा बराच वेळ लोळून काढतो, जंगलात असो की बंदिवासात. झोपलेल्या वाघाकडे बघून त्याची जागा चांगली की वाईट, हे तुम्हाआम्हाला कळत नाही. बिबट्याचं तर आपल्याकडे अप्रूपच राहिलेलं नाही. निफाड-सिन्नरच्या माणसाला तो उसात भेटतो, त्याच्यासाठी कोण तिकीट काढणार? अस्वल मात्र जागेची पोल उघडी पाडतं. जंगलात त्याचा सगळा वेळ शोधाशोधीत जातो. वारूळ फोडायचं, तोंड खुपसायचं, फुंकरीने माती उडवायची आणि मग आतली वाळवी सुर्रकन ओढून घ्यायची. या कामासाठी त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नसतातच, आणि धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. शिवाय हंगामाप्रमाणे मोहाची फुलं, जांभळं, बोरं, उंबरं, आणि मधाचं पोळं दिसलं तर झाडावर चढाई.

अशा प्राण्याला ठरल्या वेळी जेवण आयतं समोर आलं की उरलेल्या दिवसाचं त्याने करायचं काय? उकरायला माती नसेल, उलथायला ओंडके-दगड नसतील, तर ते एकाच वाटेवर येरझाऱ्या घालू लागतं, नाहीतर जागच्या जागी उभं राहून मान डोलवतं. बघणाऱ्यांना वाटतं नाचतंय. आमच्या वयाच्या लोकांनी दरवेशाची अस्वलं पाहिलीत, नाकातून दोरी ओवलेली, डमरूवर मागच्या पायांवर उभी राहणारी. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही तो धंदा बरीच वर्षं चालू होता, २००९च्या सुमारास तो देशातून संपला. त्यामुळे डोलणारं अस्वल दिसलं की आमच्या पिढीला आधी गंमत वाटते आणि मागाहून कसंतरी होतं. माझ्या परीक्षेत म्हणूनच पहिला प्रश्न हा असतो: अस्वल काही करतंय का?

दुसरा प्रश्न लोक हमखास विचारतात, जागा केवढी आहे? केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झालं. २००९च्या नियमांत अस्वलाच्या जोडीला मोकळी जागा किमान १००० चौरस मीटर सांगितली आहे. आपल्या हिशेबात साधारण दहा गुंठे. दहा गुंठे म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच तुकडा उभा राहतो, पण त्या दहा गुंठ्यांत काय आहे हे आकड्यातून कळत नाही. सपाट, कडक, चारही बाजूंनी माणसांनी वेढलेले दहा गुंठे आणि चढउताराचे, झाडीचे, एक कोपरा माणसांच्या नजरेआड असलेले दहा गुंठे यांत फार अंतर आहे. पूर्ण उद्यानाच्या आकाराचंही तसंच. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय तलाव धरून १३० एकरांचं आणि राणीबाग पन्नास एकरांच्या वर थोडी. पण अस्वलाला त्या १३० एकरांशी काय घेणं? त्याच्या वाट्याला आलं तेवढंच त्याचं.

आता राणीबाग. जायला नाशिककरांना हीच सोपी. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस पकडा, दादरला उतरून लोकलने भायखळ्याला या, आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. बाग १८६२ सालची, झाडं तर अशी की प्राणी नसते तरी जावं. पेंग्विन आहेत, ते २०१६ मध्ये आणले आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला मिळाले. आता तर पोरं राणीबागेला पेंग्विनची बाग म्हणूनच ओळखतात. गेल्या काही वर्षांत तिथे जुने गजांचे पिंजरे जाऊन नवी आवारं आली, मोठाल्या काचा आल्या. या काचांचं कौतुक मला मनापासून करायचंय, कारण पुढे मी त्यांच्या विरोधात जाणार आहे. चार वर्षांच्या पोराला उचलून घ्यावं लागत नाही. ते आपल्या पायांवर उभं असतं आणि पलीकडे त्याच्याच उंचीवर अस्वलाचं तोंड. नखं केवढी लांब असतात, मुस्काट कसं फिकट आणि लांबुळकं, छातीवरचा तो पांढरट व्ही, हे सगळं हाताच्या अंतरावरून. चित्राच्या पुस्तकातून किंवा कात्रजच्या कठड्यावरून हे कधीच दिसणार नाही. काचेमुळे आणखी एक गोष्ट साधते: शेंगदाणे, वेफर्स, काहीच आत फेकता येत नाही. दुपारी प्रतिबिंबाचा त्रास होतो खरा, काचेत अस्वलापेक्षा आपलंच कुटुंब जास्त दिसतं, पण काचेला चिकटून डोळ्यांच्या कडेला तळहात धरला की भागतं.

मग अडलं कुठे?

अडलं ते एका टकटकीवर. ही गोष्ट राज्याबाहेरच्या एका प्राणिसंग्रहालयातली. नाव घेत नाही. टळटळीत दुपार होती. अस्वल काचेला पाठ लावून झोपलेलं, कारण आवारातली खरी गार सावली तेवढ्याच पट्ट्यात होती. एका गृहस्थांनी अंगठीने काचेवर टकटक केलं. अस्वलाचा कान हलला. झालं, पब्लिकला खेळ सापडला. कोणी किल्ली वाजवली, कोणी तळहात आपटला, एका आजोबांनी तर नातवाची मूठ हातात धरून त्याला शिकवलं. रखवालदार शिट्टी मारायचा, तेवढ्यापुरतं थांबायचं. मग ती गर्दी पुढे सरकायची, नवी यायची, आणि नव्या गर्दीला हा शोध नव्याने लागायचा. शेवटी अस्वल उठलं, ऊन ओलांडून मागच्या भिंतीशी गेलं आणि रात्रीच्या खोलीच्या बंद दारापाशी नाक लावून उभं राहिलं. ते दार संध्याकाळीच उघडणार होतं. थोड्या वेळाने मान डोलायला लागली.

त्या दिवसापासून कुठल्याही प्राणिसंग्रहालयात गेलो की मी आधी काच कुठे आहे ते बघतो आणि मग सावली कुठे आहे ते. बऱ्याचदा दोन्ही एकाच जागी सापडतात. त्यात बांधणाऱ्यांचा वाईट हेतू असतो असं नाही. लोकांना प्राणी दिसावा म्हणून पाण्याचं टाकं, छपराची सावली, खाण्याचा ओटा हे सगळं काचेजवळ घेतलं जातं. मांडणी बघणाऱ्याच्या बाजूने चोख असते. पण आतल्याच्या बाजूने पाहिलं तर आराम हवा असेल तर माणसं सोसा, माणसं नको असतील तर ऊन सोसा, असा सौदा होऊन बसतो. राणीबागेत असंच होतं, असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे रखवालदार असतात, पाट्या आहेत, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर निवांतही असतं. पण काच म्हटली की ती टकटक माझ्या कानात वाजते, आणि पुढचं सगळं मी त्याच कानाने ऐकतो, हे तुम्ही लक्षात घेऊन वाचा.

कात्रजला अस्वल खंदकापलीकडे. अलीकडे कठडा, मध्ये खोल खंदक, मग त्याची जमीन. ही पद्धत जुनी आहे. गज काढून खंदक घालायची कल्पना जर्मनीत हागेनबेक नावाच्या प्राणी-व्यापाऱ्याने रुजवली, हाम्बुर्गजवळचं त्याचं बिनगजांचं उद्यान १९०७ मध्ये उघडलं. म्हणजे कात्रजने काही नवं केलेलं नाही. उद्यानच १९९९चं, पेशवे पार्कातल्या कोंदट जागेतून प्राणी तिकडे हलवले तेव्हाचं. पण घाटाच्या पायथ्याची ती जमीन मुळात बरी आहे, चढउताराची, झाडीची. आणि मुख्य म्हणजे तिथे अस्वलाला तुमच्याकडे पाठ करून निघून जाता येतं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की तुम्ही कठड्याशी उभे, ऊन डोक्यावर, पोरगं कडेवर, आणि अस्वलाचा पत्ता नाही. बाजूचे लोक ‘काही नाहीये इथे’ म्हणून पुढे जातात. बायको म्हणते, आपणही जाऊ. मीही एकदोनदा तसाच पुढे गेलोय. थांबलो तेव्हा मात्र झुडपामागून आधी माती उडताना दिसली आणि मग मागचा भाग. ते उकरत होतं. कोणासाठी नाही, आपलं आपलं. तोंड आत घालून जो आवाज करतं तो खंदकापलीकडूनही ऐकू येतो, जुना व्हॅक्यूम क्लीनर अडकल्यावर करतो तसा. बराच वेळ त्याने वर पाहिलंच नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. अर्थात एखाद्या दिवशी तुम्ही जाल आणि तेच अस्वल दिवसभर झोपलेलं असेल, तर मला फोन करू नका.

खंदकाचे तोटेही सांगायला हवेत. खंदक जागा खातो, आणि ती जागा ना तुमच्या कामाची ना त्याच्या. वरून खाली बघावं लागतं, त्यामुळे प्राणी खेळण्यासारखा लहान दिसतो आणि बारकी पोरं लवकर कंटाळतात. आरडाओरडा अडवायला मध्ये काही नसतं, ‘ए अस्वल’ म्हणून हाका मारणारे तिथेही भेटतात. पण हाक आणि टकटक यांत मला फरक वाटतो. हाकेपासून लांब जाता येतं. लहान दुर्बीण असेल तर नक्की न्या, तीच पोराच्या गळ्यात अडकवा, अर्धा कंटाळा तिथेच संपतो.

प्रवासाच्या बाबतीत कात्रज सपशेल हरतं. नाशिक-पुणे थेट रेल्वे अजून कागदावरच. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणला अडकायचं आणि मग पुणं आडवं पार करून शहराच्या दक्षिण टोकाला जायचं, कारण कात्रज नेमकं आपल्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. सकाळी लवकर निघूनही पोचेपर्यंत ऊन चढतं, आणि ऊन चढलं की अस्वल सावलीत. म्हणून मी आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम ठोकतो आणि दार उघडायच्या वेळेला हजर राहतो. ज्यांचं पुण्यात कोणी नाही (नाशिकमध्ये असं घर सापडणं अवघड) त्यांनी हा खर्च धरावा.

संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान जवळ पडतं, पण त्याची ख्याती वाघांची. राणीबागेतले शक्ती आणि करिश्मा २०२० मध्ये तिथूनच आले. अस्वलासाठी मी ते या तुलनेत घेतलेलं नाही. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून लोक नागपूरच्या गोरेवाड्याचंही नाव घेतात. तिथे अस्वलांची सफारी आहे, म्हणजे जंगलाच्या तुकड्यात अस्वल मोकळं आणि गाडीत बंद आपण. जागेचाच विचार करायचा तर राणीबाग आणि कात्रज दोन्हींपेक्षा ते उजवं, यात वाद नाही. पण पोरं घेऊन नागपूर म्हणजे सहल राहत नाही, दौरा होतो.

तेव्हा कोणी विचारलं तर मी असं सांगतो. पोर पाचाच्या आतलं असेल, बरोबर गुडघे दुखणारे आईवडील असतील, आणि एका दिवसात जाऊन यायचं असेल तर राणीबाग, निःसंकोच. जवळून पाहिलेलं अस्वल त्या वयात आयुष्यभर लक्षात राहतं. फक्त काचेपुढे उभं करण्याआधी पोराचे हात खिशात घालायला सांगा. पोर आठ-दहा वर्षांचं असेल, थोडं थांबायची तयारी असेल, आणि प्राणी ‘दिसला’ यापेक्षा तो काय करत होता यात त्याला रस असेल, तर मी कात्रजच म्हणेन. माझ्या घरी गेली काही वर्षं कात्रजलाच जाणं होतं. कुरकुर होते, चाकणला तर दर वेळी होते, पण राणीबागेचा ठराव अजून मंजूर झालेला नाही.

आणि निघताना वार बघा. बुधवारी दोन्ही ठिकाणं बंद असतात.