वकिली, प्राध्यापकी की स्पर्धा आयोग? नागपुरातून निवड करताना

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, कंपन्यांच्या आणि बाजाराच्या कायद्यात मन रमणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. तीन वाटांमधला फरक आपल्याच गावच्या एका प्रकरणातून चांगला कळतो.

कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीची उपकंपनी असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं महानिर्मितीची, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची. कोळसा पुरवठ्याच्या करारातल्या अटी एकतर्फी आहेत, अशी तक्रार घेऊन महानिर्मिती स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे बाजारात कुणी वर्चस्वाचा गैरवापर करतंय का यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे गेली. 2013 मध्ये आयोगाने कोल इंडियाला 1,773 कोटींचा दंड केला. अपिलानंतर प्रकरण फेरसुनावणीला आलं आणि 2017 मध्ये दंड 591 कोटींवर उतरला. सरकारी कोळसा कंपनीलाही हा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये स्पष्ट केलं.

करार एकच. वकील त्यातलं कोळशाचे नमुने कोण आणि कुठे तपासणार हे कलम काढून बसेल, कारण अशिलाचा पैसा तिथे अडकलाय. राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातूनच मिळालेली मक्तेदारी स्पर्धा कायद्याच्या कक्षेत कशी येते, हे प्राध्यापक विचारेल. आयोग आधी बाजार कोणता, त्यात वर्चस्व कुणाचं हे ठरवेल आणि मग त्या वर्चस्वाचा गैरवापर झाला का ते तपासेल. यातला कोणता प्रश्न तुमची झोप उडवतो, ते स्वतःला विचारा.

नागपुरात व्यापारी वकिलीला काम आहे. बुटीबोरी, मिहानमधले करार, लवाद, 3 लाखांपासूनचे व्यावसायिक दावे, वर हायकोर्टाचं खंडपीठ. पण कंपनी न्यायाधिकरणासाठी मुंबई आणि स्पर्धा आयोगासाठी दिल्ली गाठावी लागते. ज्युनिअरशिपची पहिली वर्षं खिसा रिकामाच असतो, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

प्राध्यापकीला एलएलएमला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. कागदावर छान, पण कायम जागा निघायला वर्षं लागतात आणि तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर राबतात. हे मला मनापासून खटकतं. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली बंद. उलट, वकिली करताना दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला केंद्र सरकारच्या नियमांत मुभा आहे. ही सवलत फार थोड्यांना ठाऊक असते.

आयोगाचं सदस्यपद ही सुरुवातीची नोकरी नव्हेच. त्यासाठी किमान 15 वर्षांचा अनुभव लागतो आणि नेमणूक पाच वर्षांची असते. पद सोडल्यावर, ज्या कंपन्यांची प्रकरणं आयोगासमोर आली त्यांच्यात दोन वर्षं नोकरी घेता येत नाही. तरुणांसाठी इंटर्नशिप आणि कंत्राटी संशोधनाची कामं निघतात. तिथे अर्थशास्त्र कच्चं असेल तर निभाव लागत नाही.

माझं मत विचाराल तर वकिलीची सनद आधी घ्या. चार-पाच वर्षं करार आणि लवाद हाताखालून जाऊ द्या, सोबत नेट काढा, संध्याकाळी एखाद्या कॉलेजात शिकवा. वकिलीतून अध्यापनात आणि तिथून आयोगात जाता येतं. सुरुवातच आयोगातल्या कंत्राटाने केली, तर कोर्टातला पाया नंतर नव्याने घालावा लागतो. घरी पगाराची निकड असेल तर मात्र ज्युनिअरशिपचा हट्ट धरू नका. कंपनीच्या विधी विभागात नोकरी बघा, करार तिथेही रोज वाचायला मिळतात.