नॉर्डिक वॉकिंगच्या काठ्या, काही महिन्यांच्या वापरानंतर: दांडा उत्तम, रबर भिकार

नॉर्डिक वॉकिंग म्हणजे दोन हातांतल्या काठ्यांनी जमीन मागे रेटत चालणं. माझ्या जोडीचे दांडे सरळ आहेत, मुठी शाबूत आहेत, ओरखडे सोडले तर तक्रार नाही. तरी जोडी कोपऱ्यात पडून आहे, कारण तळाच्या रबरी बुटातून आतलं कार्बाइडचं कठीण टोक आरपार बाहेर आलंय. विक्रेत्याचं म्हणणं, रबर हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, सुटा मिळत नाही, हवी तर नवीन जोडी घ्या. अंगठ्याएवढ्या रबरासाठी अख्खी जोडी!

सगळे दांड्यात कार्बन फायबर किती टक्के, यावरच अडून बसतात. कार्बन जास्त असला की काठी हलकी होते आणि मनगटाला हादरे कमी बसतात, हे मान्य. पण हा चालण्याचा प्रकार आला फिनलंडच्या स्कीपटूंच्या उन्हाळी सरावातून. मातीच्या वाटेवर टोक रुततं, तिथे रबर लागतच नाही. डांबरावर आणि काँक्रीटवर मात्र सगळा रेटा त्या बुटातूनच जमिनीला मिळतो. बूट घसरला की काठी मागे सरकते, ढकलणं वाया जातं आणि हातात नुसतं वजन उरतं.

चांगल्या बुटाच्या आत टोकाखाली धातूची चकती असते, स्वस्तातल्यात नसते. घेताना आत बोट घालून किंवा काडीने टोचून बघा. चकती नसेल तर स्टीलचा छोटा वॉशर टाकता येतो, पण बूट पुरेसा खोल हवा, नाहीतर तो दांड्याच्या नळीवर कमी चढतो आणि पहिल्याच चिखलात निसटतो. सैल झालेला बूट बसवायला नळीवर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे पुरतात. काढताना सरळ ओढू नका, पिळत ओढा. एका कंपनीचा बूट दुसऱ्या कंपनीच्या नळीवर बसेलच असं नाही. म्हणून काठी घेण्याआधीच नळीचा व्यास विचारा आणि त्याच मापाच्या सुट्या बुटांची एक जोडी सोबत घेऊन टाका. कडक रबर टिकतं पण ओल्या फरशीवर सरकतं, मऊ रबर पकडतं पण लवकर संपतं. मऊच घ्या.

बुटाचं निमुळतं टोक मागे हवं. चालता चालता बूट फिरतो, टोक पुढे येतं आणि काठी अडखळते. थांबलात की एकदा खाली नजर टाकायची. झीजही वाचता येते: मागचं टोक आधी गेलं तर काठी फार उभी आणि फार पुढे टेकली जातेय, पुढची कड गेली तर ती पुढे आणताना जमिनीवर फरफटतेय.

लांबीचं गणित सोपं आहे. उंची गुणिले 0.68, म्हणजे 165 सेंटीमीटरला 112, घ्यायची 110 ची. शंका असेल तिथे आखूडच बरी, खांदा दुखत असेल तर नक्कीच. डांबरावर चालणार असाल तर बूट चढवूनच मोजा.

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर लांबी बदलणाऱ्या काठीला पैकीच्या पैकी दिले असते. गटात नवीन माणूस आला की लांबी जुळवून त्याच्या हातात देता येते. आता मत बदललंय. पिळून आवळायच्या लॉकमध्ये ओल आणि धूळ शिरली की ऐन रेटा देताना काठी आत जाते. भिजल्यावर भाग सुटे करून, पुसून, वाळवून ठेवावे लागतात. तेल तर अजिबात नको, तेलाने लॉक आणखी घसरतं. लिव्हरचं लॉक बरं, फक्त त्याचा स्क्रू अधूनमधून आवळावा लागतो. रोजच्या वापराला अखंड काठी, पाहुण्यांना लांबी बदलणारी.

मुठीला जोडलेल्या हातमोज्यासारख्या पट्ट्याबद्दल थोडक्यात: डावा-उजवा बघून घाला. हात कमरेच्या मागे गेला की मूठ सोडायची, रेटा पट्ट्यातून द्यायचा. फार आवळला तर बोटं बधिर होतात. पडताना हात पट्ट्यात अडकलेला असतो आणि अंगठ्याचं मूळ दुखावतं, म्हणून निसरड्या उतारावर पट्टा सोडवा.

खोक्यावर “शरीरातले 90 टक्के स्नायू” वगैरे छापलेलं असतं, ते सोडून द्या. त्याच वेगाच्या साध्या चालण्यापेक्षा ऊर्जा साधारण 20 टक्के जास्त खर्च होते, पण हात नीट ढकलत असेल तर. गुडघ्यावरचा भार सपाटीवर हमखास कमी होतो असंही नाही.

खरा फायदा गटाचा. दम न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हाच वेग. इथेही आडवं येतं ते रबरच. बूट नसलेली चार माणसं डांबरावर चालली की टकटकाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि घसरत्या बुटाचा माणूस मागे पडून एकटा चालतो. दोघं शेजारी, मागच्या जोडीने निदान एक काठीभर अंतर ठेवावं, कारण टोकं मागे जातात. हातवारे करत बोलणाऱ्याला आधी पट्टे सोडवायला लावा. वेगवान मंडळींनी पुढे जाऊन ताटकळत उभं राहू नये, अंग थंड पडतं. वळून मागच्यांपर्यंत यावं आणि पुन्हा पुढे जावं.