मेस्त, ॲप की सरकार: म्हाताऱ्यांच्या घरातली किरकोळ कामं कुणाला सांगावी?

गोव्यात डिचोलीच्या घरात आईबाबा दोघंच, मी पर्वरीला. ठिबकणारा नळ, पावसात फुगून अडकणारं दार, सरकलेलं कौल, असल्या कामांसाठी आम्ही तिन्ही वाटा चालून पाहिल्या: वाड्यावरचा मेस्त (सुतार-गवंडी), मोबाईलवरून बुक होणारी सेवा आणि सरकार. तुम्हीही याच पेचात असाल तर दरापेक्षा एवढंच विचारा, की केलेलं काम बिघडलं तर तोच माणूस परत येईल का?

सरकारचं लवकर आटपतं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये पात्र ज्येष्ठांच्या खात्यात पडतात, खर्चाला उपयोगी पडतात, पण शिडी धरायला माणूस मिळत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन माहिती आणि सल्ला देते. नळाचा वॉशर बदलणं हे तिचं काम नव्हे. वीजखात्याच्या १९१२ वर तक्रार करावी ती लाईन गेल्याची. मीटरच्या पुढचं घरातलं वायरिंग आपलं आपण बघायचं.

म्हणजे खरी निवड उरते ती मेस्त आणि ॲप यांत.

ॲपची मोठी सोय म्हणजे दर आधी दिसतो, बिल मिळतं आणि पैसे मी इथे बसून भरू शकते. फ्लशची टाकी, गीझर, पंखा या कामांना ते चांगलंच. पणजी, पर्वरी, मडगावच्या फ्लॅटात राहणाऱ्यांनी फार विचार करू नये, तेच घ्यावं. आमच्याकडे मात्र दर वेळी नवा माणूस आला, आणि बाबांना ऐकू कमी येतं. एकदा ओटीपी आला माझ्या मोबाईलवर, मी मीटिंगमध्ये, आणि तो बिचारा फाटकाशी उन्हात उभा. कौलांचं काम तर तिथे मिळालंच नाही.

मेस्ताला घर तोंडपाठ असतं. कुठला वासा वाळवीने खाल्लाय, पाण्याचा कॉक कुठे दडलाय, ते त्याला सांगावं लागत नाही. पण तो ‘उद्या येतो’ म्हणतो तो उद्या कधीचा, हे त्यालाही ठाऊक नसतं. मे महिन्यात आणि चतुर्थीच्या आधी तर त्याचं नाव काढू नये. एका बिजागरीसाठी तो येतही नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आता आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कामं टिपून ठेवते; पाचसहा साठली की अर्ध्या दिवसाची मजुरी ठरवून त्याला बोलावतो. कौलं परतण्याचं मात्र एप्रिलमध्येच सांगून ठेवायचं.

दोघांतला फरक खरा कळला तो न्हाणीत आधाराला धरायच्या दांड्याने. बुक केलेल्या माणसाने टाईलमध्ये छोटे प्लास्टिकचे गुट्टे ठोकून दांडा बसवला. दिसायला झकास. महिन्याभरात हलायला लागला, कारण मागची भिंत चिऱ्याची. चिरा ठिसूळ, त्यात छोटा गुट्टा धरत नाही. बाबांनी त्यावर पूर्ण भार टाकला नव्हता म्हणून निभावलं. मेस्ताने भिंतीवर बोटाने टकटक केली, लांब बोल्ट भिंतीच्या आरपार काढले आणि बाहेरून लोखंडी पट्टी लावली. त्याआधी बाबांना स्टुलावर बसवून उठायला सांगितलं आणि हात आपसूक जिथे गेला तिथे पेन्सिलने खूण केली.

तोच मेस्त उतारात चुकला. सोप्याची पायरी १५ सेंटिमीटर उंच, आणि तो दोन फुटांत उतार करून मोकळा होणार होता. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा लागतो, म्हणजे १८० सेंटिमीटर लांब. असलं माप कागदावर लिहून द्यावं, तोंडी सांगू नये. विजेच्या कामालाही त्याला हात लावू देऊ नका. त्यासाठी परवानाधारक वायरमन हवा, आणि आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर ३० मिलिअँपिअरचा पहिल्याच फेरीत बसवून घ्यावा.

दोघांपैकी कुणीही येवो, म्हातारं माणूस एकटं असेल तर शेजारच्या कुणाला तरी तेवढा वेळ बसवा, आणि सामानापुरतेच पैसे आगाऊ द्या. आमच्या फ्रिजवर आता मोठ्या अक्षरांत तीन नंबर चिकटवलेत: मेस्त, वायरमन, मी. क्रम आईने लावलाय.